खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे उत्थापन

खुब्याच्या सांध्याची हालचाल मर्यादित असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर सांध्यास अपाय न होता अंथरुणातून उठविण्याची क्रिया. मांडीच्या हाडाचे मोडलेले शीर्ष बदलणे अथवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसविणे, या शस्त्रक्रियांनंतर तिला विशेष महत्त्व असते. धातूचे शीर्ष व पॉलिएथिलिनची वाटी असलेला सांधा इंग्लिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ पासून वापरात आणला. विदर्भात आढळणाऱ्या दात्रकोशिका (सिकलसेल) रोगात रक्तपुरवठा खंडित होऊन शीर्ष झिजत असल्याने तरुणांनाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते.

रुग्ण दीर्घकाळ पडून राहिल्यास पायाच्या नीलांत रक्त साखळणे, न्यूमोनिया व शय्याव्रण हे उपद्रव संभवतात. म्हणून प्रकृती स्थिर असल्यास त्याला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उठवितात. मात्र सांध्याभोवतीच्या ऊती भरून येईपर्यंत सांधा निखळण्याचा धोका असतो. सांध्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास खुबा ९०° पेक्षा अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळविणे सामान्यतः वर्ज्य मानतात. शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार हे निर्बंध बदलतात.

रुग्णाला शक्यतो शस्त्रक्रिया झालेल्या बाजूने उतरवितात, म्हणजे तो पाय मध्यरेषा ओलांडत नाही. रुग्णाने हातांचा आधार घेऊन, धड किंचित मागे रेलून, धड व पाय एकत्रच थोडेथोडे काठाकडे वळवावेत. मदतनीसाने पाय गुडघ्याखाली व टाचेखाली तोलून धरावा. रुग्णाला काखेत धरून ओढू नये वा त्याला आपल्या गळ्यात हात घालू देऊ नये. काठावर बसल्यावर तो पाय पुढे पसरलेला ठेवून काही वेळ थांबावे, कारण रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. नंतर हातांनी पलंगाचा काठ रेटून, चांगल्या पायावर भार देऊन उभे राहावे आणि मगच चौपायी (वॉकर) धरावी. ती धरून उठू नये, कारण ती कलंडते.

खरी अडचण घरी येते. सेवाग्रामच्या रुग्णालयातून हिंगणीसारख्या गावी परतलेल्या रुग्णाला जमिनीवरील अंथरुण किंवा सुतळीची खाट मिळते. खाटेच्या झोळात खुबा गुडघ्याच्या खाली जातो व उठताना तो नको तितका वाकतो. त्यासाठी खाटेवर फळी व घट्ट गादी टाकून किंवा पायांखाली भक्कम, न सरकणारे ठोकळे देऊन ती गुडघ्यापेक्षा उंच करतात. मांडी घालून वा उकिडवे बसणे टाळावयाचे असल्याने उंच शौचासनाची सोयही रुग्ण घरी येण्यापूर्वीच करणे आवश्यक असते.