खलाशाच्या मोबाईलवर चालेल तेच सॉफ्टवेअर घ्या



आपल्या धंद्यात 'कर्मचारी' हा शब्द कुणी तोंडात आणत नाही. पण मोजायला बसलं तर यादी मोठी होते. बोटीवर तांडेल आणि खलाशी, जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायका, बर्फ कारखान्यावर पाळीची माणसं, डिझेल पंपावरचा पोरगा, ऑफिसातला कारकून, सुरतेच्या बाजारात माल पोचवणारा टेम्पोवाला. बोटी वाढल्या, माणसं वाढली. शिकवायची पद्धत मात्र तीच आहे : जुन्याच्या बाजूला नव्याला उभा करायचा, बघत बघत शिकेल.

बोटीवर सगळे एकाच गावचे, एकाच घरचे होते तोवर हे चाललं. आता प्रत्येक हंगामात निम्मे चेहरे नवे असतात. दिवाळीला एक जण घरी जातो, त्याच्या जागी दुसराच येतो. त्याला कोण शिकवणार आणि कधी?

म्हणून सध्या 'माणसांना ट्रेनिंग द्यायचं सॉफ्टवेअर' हा विषय निघालाय. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, कोण शिकलं कोण राहिलं त्याची नोंद आपोआप होते. कल्पना चांगली आहे. पण कापड गिरणीला किंवा हिऱ्याच्या कारखान्याला जे जमतं ते बोटीला जमेलच असं नाही. विकायला येणारा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळं छान दाखवतो. आपण ते खलाशाच्या मोबाईलवर बघायचं. ते कसं बघायचं ते या लेखात लिहितो.

यंत्र आलं, शिकवणी राहिली

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींच्या ट्रान्सपॉन्डर योजनेची देशभर सुरुवात झाली. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख बोटी, ३६० कोटी रुपये. यंत्र इस्रोचं, बोटमालकाला फुकट. मोबाईलचं नेटवर्क जिथे संपतं तिथेही उपग्रहावरून निरोप जातो आणि येतो. वादळाची सूचना मिळते, समुद्री हद्द जवळ आली की इशारा मिळतो, संकटात मदत मागता येते. ट्रान्सपॉन्डरला मोबाईल जोडायचा आणि 'नभमित्र' ॲपवर निरोप वाचायचा, लिहायचा.

आता प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावं. आपल्या बोटीवर हे यंत्र चालवता येणारी माणसं किती? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल : एक, तांडेल. आणि रात्री दोन वाजता तांडेलच पाण्यात पडला, किंवा त्याच्याच छातीत कळ आली, तर? यंत्र भिंतीला आहे, बटण आहे, सात माणसं उभी आहेत आणि कुणालाच माहीत नाही.

सॉफ्टवेअर घ्यायचं ते हे भोक बुजवायला. ऑफिसात रंगीत तक्ते बघायला नव्हे.

आधी धडे ठरवा, मग सॉफ्टवेअर

बाजारातल्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो तयार कोर्स असतात. 'ग्राहकाशी कसं बोलावं', 'मीटिंग कशी घ्यावी'. आपल्याला त्यातलं काही लागत नाही. आपले धडे आपल्यालाच करावे लागतील, आणि सुरुवातीला चारच पुरे.

१) मदत मागणे. ट्रान्सपॉन्डरचं संकटाचं बटण, व्हीएचएफचा १६ नंबर चॅनल, तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन. बोटीवरच्या प्रत्येकाला हे तिन्ही यायला पाहिजे, आचाऱ्यालासुद्धा.

२) मासळीच्या खणात उतरणे. बंद खणात मासळी कुजली की विषारी वायू धरतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरलेला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही जातो. झाकण उघडून आधी हवा खेळू द्यायची, एकट्याने उतरायचं नाही, कमरेला दोर बांधायचा, आणि आतला पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. हे वाक्य पाठ असेल तर एका घराचं दुःख दोन घरांचं होत नाही.

३) बर्फ आणि मासळी. आपल्या हवेत जितकी मासळी तितका बर्फ, हा वजनाचा साधा हिशेब. थर कसा लावायचा, पापलेट कसं ठेवायचं, खण कशाने धुवायचा. हा धडा मालकाच्या खिशाशी जोडलेला आहे, म्हणून तो सगळ्यांत आधी तयार होईल याची आम्हाला खात्री आहे!

४) हजिऱ्याजवळची ये-जा. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा ओढ किती असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्यात हजिरा आणि मगदल्ल्याकडे जाणारी मोठी जहाजं. रात्री कोणते दिवे लावायचे, जहाजाच्या वाटेत जाळं का टाकायचं नाही, इंजिन बंद पडलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. बाहेरून आलेल्या खलाशाला हे पाणी नवं असतं.

एक धडा तीन ते चार मिनिटांचा. बोलणारा आपला अनुभवी तांडेल, जागा आपलीच बोट. महागडा कॅमेरा लागत नाही. धड्याच्या शेवटी चार प्रश्न, उत्तरं चित्रांतून निवडायची.

भाषा कुठली?

सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. कारण या शहरात कामाला आलेला माणूस कुठून कुठून आलाय ते पालिकेला ठाऊक आहे. आपल्या बोटीचंही तसंच. तांडेल गुजराती बोलतो, दोन खलाशी डहाणू-तलासरीचे, एक खानदेशातला, बाकीचे हिंदी बोलणारे. इंग्रजी बटणांचं ॲप त्यांच्या हातात दिलं तर ते पहिल्याच पानावर अडकणार.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न : बटणं मराठी, गुजराती आणि हिंदीत आहेत का? दुसरा : एकाच धड्याला तीन भाषांतला आवाज जोडता येतो का? तिसरा, आणि महत्त्वाचा : ज्याला वाचता येत नाही त्याने प्रश्न ऐकून उत्तर दिलं तर चालेल का? वाचता न येणारा माणूस समुद्रात कच्चा असतो असं कुणी समजू नये. आपले कितीतरी जुने तांडेल तारे वाचत होते.

जेटीवरची परीक्षा

पैसे देण्याआधी ॲप जेटीवर आणा आणि हे करून बघा.

• सगळ्यांत स्वस्त, काच तडकलेला, मेमरी भरलेला मोबाईल घ्या. त्यावर ॲप उतरतं का?
• मोबाईल विमान मोडवर टाका. आधी उतरवून ठेवलेला धडा दिसतो का? दिलेली उत्तरं जपून ठेवून, किनाऱ्याला आल्यावर आपोआप पाठवतो का? हे होत नसेल तर पुढचं बोलणंच नको.
• आत कसं शिरायचं? ई-मेल मागत असेल तर कठीण आहे. दर वेळी ओटीपी मागत असेल तरी कठीण, कारण सिम बदलत राहतं. बोटीचा नंबर आणि चार आकडी कोड, एवढ्यावर शिरता आलं पाहिजे.
• एकाच मोबाईलवर चार खलाशी पाळीपाळीने शिकू शकतात का?
• भर दुपारच्या उन्हात, ओल्या बोटाने बटण दाबलं जातं का?
• आपला कारकून कुणाला न विचारता नवा धडा चढवू शकतो का?

ही परीक्षा मालकाच्या शिकलेल्या मुलाने द्यायची नाही. आदल्या आठवड्यात कामाला लागलेल्या खलाशाने द्यायची. तो दहा मिनिटांत एक धडा पूर्ण करू शकला तर ॲप पास.

पैशाचं गणित

बहुतेक कंपन्या माणशी महिना दर लावतात. समजा ४० बोटी, प्रत्येकी ८ माणसं, म्हणजे ३२० जण. माणशी महिना १०० रुपये धरले तर महिन्याला ३२,००० आणि वर्षाला ३,८४,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४,५३,१२०. ऐकूनच सभा उठेल.

पण आपली माणसं बारा महिने शिकत नाहीत. खरी शिकवणी बंदीच्या दोन महिन्यांत, पुढे फक्त नव्या माणसाला. म्हणून 'जितके जण त्या महिन्यात ॲप उघडतील तितक्यांचेच पैसे' असा करार मागा. दोन महिन्यांचे ६४,००० आणि हंगामात आलेल्या ६० नव्या माणसांचे एकदाच ६,०००. जीएसटी धरून ८२,६००. म्हणजे बोटीमागे वर्षाला साधारण २,०६५ रुपये. माणसं तीच, धडे तेच, फरक फक्त कराराचा.

याशिवाय विचारा : सुरुवातीची 'सेटअप फी' किती? व्हिडिओ ठेवायच्या जागेचे वेगळे पैसे का? मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं काय? वर्षाचे पैसे आधी भरले तर स्वस्त देतो म्हणतील. पहिल्या हंगामाला त्या मोहात पडायचं नाही.

फुकटात काय होतं?

लहान संस्थेने, दहा-बारा बोटींच्या मालकाने, विकतचं घ्यायची घाई करू नये. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. त्यावर धड्याचा व्हिडिओ, आणि गुगल फॉर्मवर चित्रांचे चार प्रश्न. गुण आपोआप मिळतात, नोंद तक्त्यात जाते. खर्च शून्य. अडचण एवढीच की दोन दिवसांत 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली व्हिडिओ गाडला जातो. म्हणून ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहायचं अशी सेटिंग करून ठेवा. आणि फॉर्मला नेट लागतं, तेव्हा हे काम किनाऱ्यावरच उरकायचं.

मूडल नावाचं सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, जगभरातली कॉलेजं वापरतात. ते फुकट आहे आणि त्याच्या ॲपवर धडे उतरवून नेटशिवाय बघता येतात. पण ते ठेवायला सर्व्हर लागतो आणि सांभाळायला जाणकार माणूस. बोट फुकट मिळाली तरी डिझेल आपलंच, तसं आहे. चार-पाच संस्थांनी मिळून केलं तर परवडेल.

नमुना म्हणून 'मत्स्य सेतू' ॲप बघून ठेवा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने केलेलं हे ॲप २०२१ च्या जुलैत आलं. धडे तळ्यातल्या माशांचे आहेत, आपल्या थेट कामाचे नाहीत. पण छोटे व्हिडिओ, मग प्रश्न, मग प्रमाणपत्र ही बांधणी बघण्यासारखी आहे.

नोंद कुणाची?

डहाणू-तलासरीचा खलाशी यंदा आपल्याकडे, तर पुढच्या वर्षी वेरावळ, पोरबंदर किंवा ओख्याच्या बोटीवर असतो. तिकडे पाकिस्तानची हद्द जवळ. हद्दीचा इशारा वाचता येणं म्हणजे काय, हे पालघरच्या ज्या घरांतली माणसं तिकडच्या तुरुंगात राहून आली त्यांना विचारा. म्हणून शिकल्याचं प्रमाणपत्र खलाशाच्या मोबाईलमध्ये त्याच्या नावाने राहिलं पाहिजे. ते त्याचं आहे, मालकाचं नाही आणि कंपनीचंही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याप्रमाणे फोन नंबर, फोटो घेताना त्याची संमती घ्यायची. करार संपला तर सगळी नोंद आपल्याला एका फाईलमध्ये परत मिळेल, हे कागदावर लिहून घ्या.

आणि शेवटचं. मोबाईलवर चारपैकी चार गुण मिळाले म्हणजे माणूस तयार झाला असं नाही. लाइफ जॅकेट दिवा बंद करून घालून दाखव, यंत्राचं बटण कुठे आहे ते डोळे मिटून दाखव. ही परीक्षा डेकवरच होते, आणि ती तांडेलनेच घ्यायची. सॉफ्टवेअर आठवण करून देतं, नोंद ठेवतं. हात धरून शिकवतो तो माणूसच.

१ जूनला बंदी लागते. मेमध्ये बोटी वर ओढायच्या आधी वरचे चार धडे बोटीवरच शूट करून ठेवू. बंदीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हॉट्सॲप आणि फॉर्मवर सुरू करू. किती जणांनी पूर्ण केलं तो आकडा हातात आला की विकतचं घ्यायचं का ते सभेत ठरवू. ज्या मालकांना धड्यासाठी आपली बोट आणि तांडेल द्यायचा आहे, त्यांनी ऑफिसात नाव नोंदवावं. घरच्या बायकांनीही धडा एक नक्की बघावा. रात्री फोन किनाऱ्यावर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा त्याच उचलतात.

— सचिव