औषधालाही नाही!

उसाच्या फडात किंवा हळदीच्या रानात लपवून लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून काढली, ही बातमी कोल्हापूर-सांगलीकडील वाचकाला नवी नाही. झाडांची संख्या, त्यांचे वजन, त्यांची बाजारातील किंमत हे सारे तीत दिलेले असते. ती वाचून आपण समाधानाने पान उलटतो, आणि त्यात गैरही काही नाही. गांजाच्या नादी लागून वाया गेलेली तरुण मुले आपण पाहिली आहेत. परंतु या झाडाची दुसरी बाजू बातमीत कधी येत नाही. दिवसातून अनेकदा आकडी येणाऱ्या मुलाच्या उशाशी बसलेले आईबाप, केमोथेरपीनंतर पाण्याचा घोटही न ठरणारा कर्करोगी, यांचा या झाडाशी काही संबंध असू शकतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. त्यांच्यापैकी कोणी डॉक्टरांना याविषयी विचारू लागलाच, तर त्याच्याकडे गांजेकसाकडे पाहावे तसे पाहिले जाते.

वस्तुतः या वनस्पतीचे औषधी गुण पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवावेत असे नव्हते. पाने म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, हा भेद आपल्याकडे सर्वांस ठाऊक होता. आयुर्वेदाने तिला 'विजया' असे नाव दिले. शार्ङ्गधरसंहितेत, काही द्रव्ये पचण्यापूर्वीच सर्व शरीरात कशी पसरतात हे सांगताना, भांग आणि अफू यांचीच उदाहरणे दिली आहेत. जातिफलादि चूर्णासारख्या कल्पात भांग हे एक प्रमुख द्रव्य आहे. आजच्या औषधविषयक नियमांतही बियांखेरीज भांगेचा समावेश आयुर्वेदीय विषद्रव्यांच्या यादीत असून, तिच्यापासून बनविलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. विष म्हणून सावध राहावे आणि औषध म्हणून जवळ ठेवावे, हा विवेक आपल्या परंपरेत होता.

आधुनिक वैद्यकालाही या वनस्पतीची ओळख झाली ती याच देशात. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये भारतीय भांगेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा ओशॉनेसी तो हाच. त्याने आधी प्राण्यांवर आणि मग संधिवात, पटकी, धनुर्वात यांच्या रोग्यांवर तिचा अर्क वापरून पाहिला. आकडीने बेजार झालेल्या एका तान्ह्या मुलाला त्यामुळे आराम पडल्याची नोंद त्याने केली आहे. पुढे १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. त्यांत मुंबई इलाखा व वऱ्हाड येथील साक्षीदारही होते. सात खंडांच्या अहवालात आयोगाने मत दिले की अतिसेवन घातक आहे. परंतु मर्यादित सेवनापासून सामान्यतः हानी होत नाही आणि सरसकट बंदी योग्य ठरणार नाही.

मग चित्र पालटले ते कशामुळे? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजा व चरस यांची गणना अत्यंत धोकादायक पदार्थांत झाली. त्या करारास अनुसरून आपल्या संसदेने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा केला. योगायोग असा की, याच १९८५ साली अमेरिकेने या वनस्पतीतील नशा आणणाऱ्या द्रव्याच्या कृत्रिमरीत्या तयार केलेल्या रूपाला, केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांवरील औषध म्हणून मान्यता दिली. अर्थात आपला कायदाही दिसतो तितका आंधळा नाही. वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी त्याने स्पष्ट अपवाद ठेवला आहे. नुसती पाने आणि बिया यांना गांजाच्या व्याख्येतून वगळले आहे. नियंत्रित लागवडीला परवानगी देण्याचा अधिकारही राज्यांना दिला आहे. त्या कायद्याच्या चौकटीतच उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीस परवाना दिला. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्यावाचून बाळगता येत नाही. तात्पर्य, औषधाचे दार कायद्याने बंद केलेले नाही. ते बंद आहे ते भीतीने आणि लोकलज्जेने.

ही भीती रोग्याला किती महाग पडते, याचा धडा आपल्याला अफूने पूर्वीच दिला आहे. भारत हा कायदेशीर अफू पिकविणारा जगातील एक प्रमुख देश. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत ती येते, आणि तिच्यापासून मिळणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरील हुकमी औषध मानले जाते. त्यावर १९८५ च्या कायद्याने बंदी घातली नव्हती. पण परवान्यांचे जंजाळ आणि शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. त्यानंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात तो अवघा १८ किलो होता. अफू पिकविणाऱ्या देशातील रोगी अफूच्या औषधावाचून तळमळत मेले. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या वेदनाशमनाच्या कार्यकर्त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक मादक औषधांसाठी देशभर एकच सुटसुटीत पद्धत ठरली. पांढऱ्या रश्श्यात खसखस वाटून घालणाऱ्या कोल्हापूरच्या गृहिणीला, ते अफूच्या बोंडातील बी आहे म्हणून कोणी दोष देत नाही. त्याच बोंडातून आलेले औषध मात्र मरणोन्मुख माणसाला देताना आपले हात कापतात!

गांजाच्या बाबतीत आता शास्त्राची साक्षही उपलब्ध आहे. १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनी त्यातील नशा आणणारे द्रव्य वेगळे केले. त्याच वनस्पतीत कॅनाबिडिऑल नावाचे, नशा न आणणारे दुसरे द्रव्य आहे. बालवयातील अपस्माराच्या दोन दुर्मिळ आणि दुर्धर प्रकारांवर त्याचा उपयोग रीतसर चाचण्यांत दिसून आल्यावर जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. कलकत्त्यात केलेली नोंद शास्त्राच्या कसोटीला उतरण्यास जवळजवळ १८० वर्षे लागली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. भारताने या ठरावाच्या बाजूने मत दिले. गांजावरील इतर नियंत्रण कायम राहिले. त्याचे वैद्यकीय मूल्य मात्र मान्य झाले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. औषधाच्या नावाखाली व्यसनाला मोकळे रान मिळेल, असे पालकांना आणि शिक्षकांना वाटते. कोवळ्या वयात गांजा ओढल्याने स्मरणशक्तीवर आणि अभ्यासावर परिणाम होतो, काहींच्या बाबतीत मानसिक विकार उद्भवतो, हे खरेच आहे. तितकेच खरे हेही की, या वनस्पतीच्या तेलाने कर्करोग समूळ बरा होतो, असे सांगणारे लोक रोग्याच्या असाहाय्यतेचा व्यापार करीत असतात. त्याला पुरावा नाही. काही अपस्मार, केमोथेरपीच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा अशा मोजक्या विकारांतच उपयोगाचा भक्कम आधार आहे. जुनाट वेदनांच्या बाबतीत लाभ माफक दिसतो. कॅनाबिडिऑलही निर्धोक नव्हे. ते यकृतावर परिणाम करू शकते आणि आकडीच्या अन्य औषधांशी त्याचा विरोध होऊ शकतो. म्हणूनच ते डॉक्टरांच्या हाती असावयास हवे. आपण त्याचे नाव काढू देत नाही, तेव्हा रोगी गप्प बसत नाही. तो फोनवरील जाहिरात पाहून, कोणी तपासले न तपासले अशी महागडी बाटली मागवितो. बेअब्रूच्या भीतीने व्यसनी माणूस थांबल्याचे ऐकिवात नाही. थांबतो तो केवळ प्रामाणिक रोगी.

तेव्हा करावयाचे ते एवढेच. वैद्यकीय महाविद्यालयांतून या औषधांचे गुण, मात्रा आणि दोष शिकविले जावेत. राज्य शासनाने मोठ्या सरकारी रुग्णालयांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरावीक विकारांसाठी ती मिळण्याची पद्धत आखावी. बाजारात येणाऱ्या प्रत्येक बाटलीची तपासणी सक्तीची असावी. शिक्षकांनी व्यसनाचे धोके सांगताना, औषध आणि नशा यांतील भेदही मुलांना समजावून द्यावा. अर्धे सत्य सांगितले की मुले उरलेल्या अर्ध्यावरही विश्वास ठेवत नाहीत. आणि शेजारच्या घरात असे औषध घेणारे कोणी असेल, तर आपण कुजबुज करू नये. या शेवटच्या गोष्टीला ना कायदा लागतो, ना पैसा.

एखादी वस्तू अजिबात नसली की आपण मराठीत म्हणतो, ती 'औषधालाही नाही'. निदान औषधापुरती तरी प्रत्येक वस्तू घरात असावी, असा त्या बोलण्यामागील जुना समजूतदारपणा आहे. गल्लीबोळांत नशेसाठी गांजा चोरून मिळतो आणि रोग्याला तो औषधालाही मिळत नाही, ही अवस्था त्या समजूतदारपणाशी विसंगत आहे.