लीजची गाडी आणि जीएसटी : ऐकीव समज आणि खरा हिशेब

मार्च जवळ आला की माझ्या टेबलावर गाड्यांच्या लीजची कोटेशनं येऊ लागतात. मागे एका फर्निचर व्यापाऱ्याने असंच एक कोटेशन पुढे सरकवलं. महिन्याचं भाडं १७,७०८ रुपये, त्यावर जीएसटी ७,०८३ रुपये, एकूण २४,७९१. जीएसटीच्या आकड्याभोवती त्यांनी निळ्या पेनाने गोल केला होता. "साहेब, हे सात हजार आपल्याला दर महिन्याला परत मिळणार ना? विकत घेतली तर मिळत नाहीत, म्हणून तर लीज."

मिळणार नव्हते. नशिबाने त्यांनी सहीआधी विचारलं. चार वर्षांचा करार करून मग विचारायला येणारेच जास्त असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

"विकत घेतलेल्या गाडीचं क्रेडिट अडकतं, लीजचं मिळतं."

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार, चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच कलमात पुढे अशा गाड्यांचं लीज, भाडं आणि हायरिंग यांचंही क्रेडिट रोखलेलं आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तर ते अगदी स्पष्ट शब्दांत आहे. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांचीही तीच गत.

अपवाद मोजके आहेत. गाडी पुढे विकणारा किंवा भाड्याने देणारा, प्रवासी वाहतुकीचा धंदा करणारा, आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा. "माझे सेल्समन गाडीतून फिरतात, म्हणजे ते प्रवासीच की," असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो टिकत नाही. प्रवासी वाहतूक ही तुम्ही गिऱ्हाइकाला विकत असलेली सेवा असावी लागते. याखेरीज, एखाद्या कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी गाडीची सोय करणं मालकाला बंधनकारकच असेल, तर लीजचं क्रेडिट मिळू शकतं.

उलट, ज्यांना क्रेडिट मिळतं ते कित्येकदा घ्यायचंच विसरतात. ही बंदी माणसं नेणाऱ्या लहान गाड्यांपुरती आहे. माल नेणारा पिकअप किंवा छोटा टेम्पो लीजवर घेतला आणि धंदा करपात्र असला, तर भाड्यावरचा जीएसटी वळता करून घेता येतो. १३ पेक्षा जास्त आसनांच्या स्टाफ बसचंही तसंच.

"लीज ही सेवा, म्हणून १८ टक्के."

कायदा लीजला सेवाच मानतो, पण दर मात्र गाडीचा लावतो. चालकाशिवाय दिलेल्या गाडीच्या भाड्यावर, ती गाडी विकली असती तर जो दर लागला असता तोच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना १८ टक्के आहे. लहान म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांना ५ टक्के. आधीचा सेस गेला. करार कधीचा आहे यावर दर गोठत नाही. दर बदलला की पुढच्या काळाच्या भाड्यावरचा कर बदलतो. जुन्या लीजची बिलं त्यानंतर खाली आली की नाहीत, ते एकदा काढून बघा.

"लीजमध्ये कर थोडा-थोडा भरतो, म्हणून एकूण कमी पडतो."

फर्निचरवाल्यांचाच हिशेब मांडतो. गाडीची मूळ किंमत १० लाख, दर ४० टक्के. कर्ज काढून घेतली तर जीएसटी ४ लाख, एकदाच. कर्जाच्या हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी नाही.

आता लीज. लीज कंपनी गाडी घेताना भरलेल्या ४ लाखांचं क्रेडिट स्वतः घेते, कारण गाडी भाड्याने देणं हाच तिचा धंदा. त्यामुळे भाडं १० लाखांवरच काढलं जातं, हे खरं. चार वर्षांत ती किमतीतले ६ लाख आणि व्याज, खर्च, नफा मिळून अडीच लाख वसूल करते. एकूण ८.५ लाख, त्यावर ४० टक्क्यांनी ३.४० लाख कर. चार वर्षांनी उरलेल्या ४ लाखांना गाडी ठेवून घ्यायची म्हटलं, तर तोच दर धरून आणखी १.६० लाख. जुन्या गाडीवर फक्त नफ्यापुरता कर लावण्याची सवलत क्रेडिट घेतलेल्या विक्रेत्याला नाही. म्हणजे एकूण कर ५ लाख, कर्जापेक्षा १ लाख जास्त.

हा लाख आला कुठून? अडीच लाखांवरच्या ४० टक्क्यांतून. जे व्याज बँकेला दिलं असतं तर करमुक्त होतं, ते भाड्यात मिसळलं की गाडीच्या दराने करपात्र होतं. कोटेशनवर ही ओळ कुठेही वेगळी दिसत नाही, आणि मला सगळ्यांत खटकतं ते हेच. गाडी परत दिली तर कर ३.४० लाखांवर थांबतो, पण मग हातात गाडीही राहत नाही. दर जितका कमी तितका हा फरक कमी, त्यामुळे विजेवरच्या गाडीचं गणित फार वेगळं येतं.

"आरसी बुकात माझं नाव, म्हणजे घसारा माझा."

मोटार वाहन कायद्यात लीजची गाडी ताब्यात असलेला माणूस 'मालक' धरला जातो, म्हणून नोंदणी त्याच्या नावावर आणि लीज कंपनीची नोंद सोबत. आयकर ही व्याख्या मानत नाही. आयसीडीएस लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घसारा लीज देणाऱ्या कंपनीला मान्य केला. तुम्हाला मिळते ती भाड्याची वजावट. न मिळालेला जीएसटीही खर्चात धरता येतो, म्हणजे तो अगदीच वाया जात नाही. मात्र अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवत असाल, तर भाडं वेगळं वजा होत नाही. लहान व्यापाऱ्यांना लीज विकताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

"दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडून घेतलं की कर वाचतो."

हा समज विक्रीकराच्या जमान्यातला आहे. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने वस्तू वापरायला देण्यावरही राज्यांना कर लावता आला. महाराष्ट्राने १९८५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. कर नक्की कोणत्या राज्याचा, यावर ट्वेन्टिएथ सेंच्युरी फायनान्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. करार जिथे झाला ते ठिकाण महत्त्वाचं ठरलं. तेव्हा राज्य बदलून खरोखर फरक पडे. आता पुण्याच्या नोंदणीकृत व्यावसायिकाला गुरुग्रामच्या कंपनीने गाडी दिली तर बिलावर आयजीएसटी येतो, दर तोच राहतो.

चालक आणि इंधनासह महिन्याने लावलेली गाडी म्हणजे मात्र लीज नव्हे. तिथे ५ टक्क्यांचा मार्ग आहे. पुरवठादार साधा गाडीमालक किंवा भागीदारी संस्था असेल, त्याने वरचा दर लावला नसेल आणि घेणारी कंपनी असेल, तर हा ५ टक्के कर कंपनीनेच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. तपासणीत हीच थकबाकी वारंवार निघते.

लीजवर घेण्याची कारणं इतर असू शकतात. हातातलं भांडवल मोकळं राहतं, दर चार वर्षांनी गाडी बदलता येते, जुनी विकायची कटकट नसते. त्यासाठी जरूर घ्या. फक्त सही करण्याआधी कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा : भाड्यात व्याज आणि खर्चाचा वाटा किती, शेवटी गाडी ठेवून घ्यायची तर करासह किती, आणि करार मध्येच मोडला तर किती. कागद हातात आला की तुमच्या सीएकडे जा आणि कर्जाच्या हिशेबाशेजारी तो मांडून घ्या.