रखमाबाईंची पत्रं आणि कलम ९

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून माणसं येतात. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, म्हणजे जोडीदाराने नांदायला यावं असा दावा. याच जातीचा दावा १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर मुंबई हायकोर्टात लावला होता. लग्नात त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि सासरी नांदायला कधी गेल्याच नव्हत्या.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. १८८५ला न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, अपिलानंतर १८८७ला न्या. फॅरन म्हणाले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या सुटल्या आणि डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या.

मला मात्र निकालांपेक्षा त्यांची पत्रं जास्त बोलकी वाटतात. जून १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांनी बालविवाहावर लिहिलं. आईपणाबद्दल त्यात गहिवर नाही, रोकडा हिशेब आहे : चौदा पुरी व्हायच्या आत मूल झालं की मुलीचं शिक्षण संपलं. याचं उदाहरण त्यांना बाहेर शोधायला नको होतं. त्यांची आई जयंतीबाई कोवळ्या वयात बाळंत झाली, सतराव्या वर्षी विधवा.

१८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून मागितलं ते एवढंच : मुलगी पंधराची आणि मुलगा विशीचा होण्याआधीचं लग्न कोर्टाने कायदेशीर मानू नये. इकडे ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडला होता. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेलं, तेही कलकत्त्याच्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूनंतर. शारदा कायदा १९२९चा. त्यात मुलीचं वय चौदा. रखमाबाईंचा पंधराचा आकडा कायद्यात आला १९४९ला.

वयाची लढाई अशी रखडत का होईना, जिंकली गेली. मर्जीची नाही. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, तोच दावा कलम ९ म्हणून घेऊन. त्याच सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. १९८३ला आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध मानलं. आता दावा नवरा-बायको दोघांनाही लावता येतो आणि कैद नाही. पण बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून उत्तरादाखल कलम ९चा अर्ज येणं, हे वकिलांच्या रोजच्या सरावातलं.