‘वेइजी’चा फंडा : संकटात संधी असतेच का?

मोटिव्हेशनल सेमिनारला एकदा जरी बसला असाल, तर ही स्लाइड तुम्ही पाहिलीच असणार. काळं बॅकग्राउंड, मधोमध दोन लालभडक चिनी अक्षरं आणि खाली बाण. पहिल्या अक्षराचा अर्थ ‘धोका’, दुसऱ्याचा ‘संधी’ आणि दोन्ही मिळून ‘संकट’! मग ब्लेझरवाले सर दोन सेकंद थांबतात, हॉलभर नजर फिरवतात आणि म्हणतात, ‘‘चिनी लोकांना हे हजारो वर्षांपूर्वी कळलं होतं!’’ टाळ्या. टी-ब्रेक.

माझ्या एका मैत्रिणीने ही स्लाइड ज्या मीटिंगमध्ये पाहिली, त्याच मीटिंगमध्ये तिच्यासकट अकरा जणांना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगण्यात आलं. ‘‘संधी दिली म्हणे आम्हाला,’’ ती फोनवर म्हणाली. तेव्हाच ठरवलं, या दुसऱ्या अक्षराची नीट कुंडली मांडायची!

कड्यावरचा माणूस

शब्द आहे ‘वेइजी’. त्यातल्या ‘वेइ’बद्दल कुणाचंच भांडण नाही. वर माणूस, मध्ये कडा आणि खाली गुडघ्यांवर बसलेला माणूस, अशी या अक्षराची फोड केली जाते. इ. स. १००च्या सुमारास शू शेन या विद्वानाने ९,३५३ अक्षरांचा एक कोश तयार केला. ‘उंचावर असणं आणि भीती वाटणं’ असा ‘वेइ’चा अर्थ त्याने दिला आहे. ईएमआय चालू असताना नोकरी गेलेल्या कुणालाही विचारा, अगदी असंच वाटतं.

खरा खटका

गोची आहे ती ‘जी’ची. शू शेनच्या कोशात ‘जी’ म्हणजे सोडण्यावर ताबा ठेवणारा भाग. कशाचं सोडणं? बाणाचं! प्राचीन चीनमध्ये क्रॉसबो हे फार महत्त्वाचं हत्यार होतं. बंदुकीला चाप असतो, तसा त्या धनुष्याला खटका असायचा. शीआनजवळ सापडलेल्या मातीच्या सैन्याबरोबर असे ब्राँझचे खटकेही मिळाले आहेत. हातमागालाही ‘जी’ म्हणत. म्हणून तर या अक्षरात डावीकडे ‘लाकूड’ हे चिन्ह आहे. उजवीकडचा भाग मुख्यतः उच्चार सांगण्यासाठी.

खटक्यावरून अर्थ पुढे सरकला. यंत्र, यंत्रातला कळीचा भाग आणि मग कळीचा क्षण, म्हणजे जिथून गोष्ट इकडे किंवा तिकडे जाऊ शकते तो क्षण. १९५६पासून चीनने सोपी लिपी आणली, तेव्हा १६ फटकाऱ्यांचं हे अक्षर ६ फटकाऱ्यांवर आलं. आज ते पावलोपावली भेटतं. मोबाइल म्हणजे ‘शोऊजी’, शब्दशः हातातलं यंत्र. विमान म्हणजे ‘फेइजी’, उडणारं यंत्र. आता ‘जी’ म्हणजे संधी असं धरलं, तर विमान ही ‘उडती संधी’ झाली की नाही?

संधीसाठी चिनी भाषेत वेगळा शब्द आहे, ‘जीह्वेइ’. त्यात ‘जी’ आहे, पण ‘ह्वेइ’शिवाय त्याची संधी होत नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी हेच सविस्तर लिहिलं आहे. ‘वेइजी’ म्हणजे धोक्याचा कळीचा क्षण, बस्स.

मग ही स्लाइड आली कुठून?

१९३८मध्ये चीनमधल्या मिशनऱ्यांच्या एका इंग्रजी मासिकात ही कल्पना छापून आली होती. १९५९मध्ये जॉन केनेडी यांनी इंडियानापोलिसच्या भाषणात ती वापरली आणि गाडी सुसाट सुटली. २००७मध्ये ओस्लोला नोबेल शांतता पुरस्कार घेताना अल गोर यांनीही तीच सांगितली.

गंमत म्हणजे आता चीनमध्येही हा शब्दखेळ चालतो. २०२०च्या कोरोनाकाळात चेच्यांग प्रांतात बोलताना शी जिनपिंग म्हणाले, की ‘वेइ’ आणि ‘जी’ नेहमी सोबतच असतात आणि ‘वेइ’वर मात केली की तीच ‘जी’ होते. बघा हं, मात केल्यावर! आधी नाही.

संधी आणि संधिवात

हाच प्रयोग मराठीवर करून बघा. ‘संकट’ आणि ‘संधी’ दोन्ही ‘सं’वरून सुरू होतात, म्हणून मराठी माणसाला संकटात संधी दिसते? आणि ‘संधिवात’? गुडघे धरून बसलेल्या आजीला सांगा बरं, की तिच्या दुखण्यात संधी आहे!

पण ‘संधी’चा मूळ अर्थ सांधा, जोड. दोन हाडं जिथे मिळतात, जिथून पाय वळतो, ती जागा. दिवस आणि रात्र जिथे मिळतात तो संधिकाल. कळीची जागा म्हटल्यावर ‘जी’ आणि आपली मूळची ‘संधी’ तशा शेजारीच राहतात. फक्त त्या जागेवरून बरं होईल की वाईट, याची गॅरंटी दोघीही देत नाहीत.

मला या स्लाइडचा राग येतो तो याचसाठी. संकटात संधी असतेच असं एकदा म्हटलं, की ती न सापडलेला माणूस आपोआप नालायक ठरतो. निर्णय वरच्यांचा, अपयश खालच्याचं! कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला आधी पाय रोवायला जागा लागते. नोटीस पे किती मिळणार, मेडिक्लेम कधीपर्यंत चालणार, बँकेकडून हप्त्याला मुदत मिळेल का, हे त्याचे खरे प्रश्न.

तेव्हा पुढच्या सेमिनारला ती लाल अक्षरं पडद्यावर आली की टाळ्या वाजवण्याआधी हात वर करा. ‘‘सर, दुसऱ्या अक्षराचा अर्थ खटका होतो ना? मग तो कुणाच्या बोटाखाली आहे?’’ एवढंच विचारा.