'समाजस्वास्थ्य'ची सव्वीस वर्षे

आरोग्यविषयक सदर नसलेले मराठी मासिक आज विरळाच. वाचक प्रश्न पाठवितो, जाणकार उत्तर देतो आणि घरातील सारे जण ते वाचतात. एवढ्या साध्या व्यवहारापायी एका मराठी संपादकास न्यायालयात उभे राहावे लागले होते आणि दंडही भरावा लागला होता. ते संपादक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म 14 जानेवारी 1882 चा, पेशा गणिताच्या प्राध्यापकाचा. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मात्र एखादे विधान मान्य करण्यापूर्वी त्याची सिद्धता मागावी, ही गणितातील सवय त्यांनी आरोग्याच्या प्रश्नांनाही लावली. पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया आणि पुरुषांकडून घरात येणारे गुप्तरोग ही दुःखे घरोघर होती, पण त्यांविषयी बोलणे निषिद्ध होते. 1921 साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती.

गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात ते त्या वेळी शिकवीत होते. हा प्रचार आणि प्राध्यापकी यांचे जुळेना, तेव्हा 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. महिन्याची निश्चित मिळकत थांबली असता नफ्याची आशा नसलेला उद्योग आरंभणे म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांस समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील बहुतेक लेखन कर्वे स्वतःच करीत, आणि तूट पडे ती पदरमोड करूनच भरून निघे. पत्नी मालतीबाईंचा या सर्वांस पाठिंबा होता. आपले कार्य निर्वेधपणे चालावे म्हणून या दांपत्याने मूल होऊ दिले नाही. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे अनेक घरांत हे मासिक उघडपणे ठेवता येत नसे, आणि त्या घरांना दोष देता येणार नाही.

तथापि मासिकाचा खरा प्राण वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. जे वडीलधाऱ्यांस विचारता येत नाही आणि वैद्यापुढे सांगताना जीभ अडखळते, ते लोक कर्व्यांस पत्रातून विचारीत. उत्तर थोडक्यात आणि स्पष्ट शब्दांत मिळे.

1931 साली एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 100 रुपये दंड झाला. 1934 साली दुसरा खटला उभा राहिला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. परळच्या दामोदर हॉलजवळ ज्यांचे कार्यालय होते आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांनी 'राजगृह' बांधले, त्या बाबासाहेबांपुढे तेव्हा राजकारणाची व समाजकारणाची कितीतरी मोठी कामे होती. तरीही हे प्रकरण त्यांनी क्षुल्लक मानले नाही. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातील विकृती घालवावयाची तर त्यांस ज्ञान दिले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायालयास तो पटला नाही. दंड 200 रुपये झाला. कर्व्यांनी तो भरला आणि मासिक पुढे चालू ठेवले.

कर्व्यांची सर्वच मते जैन कुटुंबांस मान्य होण्याजोगी नाहीत. ते निरीश्वरवादी होते, याचे जैनांस फारसे नवल वाटू नये. परंतु स्त्रीपुरुषसंबंधांविषयीची त्यांची मोकळी भूमिका श्रावकाच्या स्वदारसंतोष व्रताशी जुळत नाही, आणि संततिनियमनासाठी संयम पुरेसा आहे हा महात्मा गांधींचा आग्रहही त्यांना मान्य नव्हता. मात्र श्रावकाने ज्या सत्यव्रताचा आदर करावा, त्या व्रताशी त्यांची लेखणी प्रामाणिक राहिली. विकले जाईल ते लिहावे, की माहीत आहे ते लिहावे, असा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली आणि तिचा खर्च स्वतःच्या खाती मांडला. केवळ एका विषयात अडकून पडलेले ते लेखक होते असेही नाही. आहारशास्त्रावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज पोषणाची पुस्तके ढिगाने निघतात, म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही.

1944 साली मालतीबाई गेल्या. त्यानंतरही अंक निघत राहिले. 1952 साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या प्रचारापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती, तो आता सरकारी धोरणाचा भाग झाला. हे पाहावयास ते हयात होते, पण जेमतेम. 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले, आणि पुढच्या महिन्याचा अंक 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा ठरला. महर्षी त्यांच्यामागे आणखी नऊ वर्षे होते.