तापीच्या वाटेने समुद्र?

दोंडाईच्याला आमच्या मळ्यातली विहीर खोल करताना काळ्या पाषाणाखाली हातभर लाल माती लागली. गडी म्हणाला, "गेरू शे आप्पा, फेकी द्या." मी पिशवीभर ठेवून घेतली. भिजवून बारीक चाळणीत धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकही जीवाश्म नाही. ती जुन्या लाव्हाची कुजलेली पाठ. दोन उद्रेकांमध्ये उसंत होती, एवढेच ती सांगते.

त्या उसंतीत जिथे तळी साचली, तिथला गाळ मात्र बोलका असतो. नागपूरजवळ टाकळीच्या अशा थरातले जीवाश्म स्टीफन हिस्लॉपने एकोणिसाव्या शतकातच नोंदले. अशा गाळात ऑस्ट्रॅकोड सापडतात. वाळूच्या कणाएवढा जीव, वर शिंपल्यासारखी दोन झाकणे. त्यांच्या जातींवरून पाणी गोडे होते की मचूळ, ते कळते.

खरा धक्का छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीने दिला. 2009 मध्ये गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी तिथल्या दोन लाव्हांमधल्या गाळातून समुद्रात तरंगणारे फोरॅमिनिफेरा दाखवले. त्यांच्या जातींवरून काळही ठरला: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्याच्या लगेच नंतरचा. आज तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब! तेव्हा खाऱ्या पाण्याची चिंचोळी जीभ नर्मदा-तापीच्या खचदऱ्यांतून आत शिरली असावी, असा त्यांचा तर्क.

तापीची वाट म्हणजे आमचा खानदेश. पण नुसत्या वाटेने भागत नाही, वाटेवरचा गाळ हवा. शेजाऱ्याच्या विहिरीचे काम पाडव्यानंतर निघते आहे. माती टाकू नका म्हणून सांगून ठेवले आहे.